पोत्यांत मोजलेली सुई

धुरपता आत्या फ्लूची सुई घ्यायला तयार झाली, पण अट घालून. धुरपता आत्याची अट म्हणजे काय प्रकार असतो, ते गोंदियाच्या भाजीबाजारात कुणालाही विचारा. तिथले कोथिंबीरवाले तिला लांबून बघितलं की जुड्या झाकतात.

"घेतो ना मी सुई. कोन नाही म्हणून राहिलं?" ओसरीत तांदूळ पाखडता पाखडता ती म्हणाली. "पन परवडते का, ते हिशोबानं दाखव. दवाखान्याच्या भिंतीवरच्या चित्रानं नाही, आपल्या बोडीटोल्याच्या हिशोबानं. पटलं तं दंड पुढं करतो. नाही पटलं तं या घरात पुन्हा सुईचं नाव काढायचं नाही."

"दाखवते!" खुशी म्हणाली.

आता इथं एखाद्या शहाण्या मुलीनं 'विचार करून सांगते' असं म्हटलं असतं. पण खुशी टेंभरे नुकतीच नववी पास झाली होती, आणि तीही गणितात वर्गात पहिली. त्याआधी ही मुलगी उत्तर येत असलं तरी बाकाकडं बघत बसायची. दिवाळीनंतर एकदा कसाबसा हात वर गेला, उत्तर बरोबर आलं, आणि तेव्हापासून तो हात खाली यायचं नावच घेत नव्हता.

सुईचं घोडं का दामटलं जात होतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याला दमा. गेल्या पावसाळ्यात, ऐन रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, तिला फ्लूनं धरलं आणि ती नाकाला नळी लावून दवाखान्यात पडली. खुशीनं ती नळी बघितली होती. नळीतून श्वास ओढताना आत्याचे खांदे कसे वर-खाली व्हायचे, तेही बघितलं होतं. आत्याला मात्र ती नळी आठवायचीच नाही. तिला आठवायचे ते परे, म्हणजे धानाची रोपं. आत्या रोवणा करणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी. म्होरकी पडली, मागोमाग निम्मी टोळी तापानं पडली आणि परे जागच्या जागी पिवळे पडले. "मी वाचली ते ठीक हाय," असं ती आल्यागेल्याला सांगायची, "पन परे गेले ना बापा!"

डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढचा पावसाळा लागायच्या आत सुई टोचून घ्या. आणि आता मोहफुलं वेचून संपत आली होती, म्हणजे उन्हाळा अर्धा सरला होता.

"आन एक आयकून ठेव," आत्यानं सूप आपटलं. "रुपयात सांगू नको. रुपया आज एक बोलते, उद्या दुसरंच. पोत्यात सांग. धानाच्या."

इथं आत्याच्या एका कलेची ओळख करून देणं भाग आहे, कारण पुढचा सगळा तमाशा त्या कलेभोवती फिरतो. कुठलाही हिशोब तिच्यापुढं ठेवा, ती तो शांतपणे ऐकते, मान डोलावते, आणि मग म्हणते, "यात एक धरलंच नाही." गवंड्यानं न्हाणीचा अंदाज दिला, तर यात पाण्याचा उतार धरलाच नाही. आचाऱ्यानं लग्नाच्या जेवणाचा अंदाज दिला, तर यात बँडवाले धरलेच नाहीत. चीड यायची ती वेगळ्याच गोष्टीची. ती दर वेळी बरोबर असायची.

खुशीनं गणिताच्या उमेंद्र सरांना फोन लावला. सर खूश झाले. "अगं, मोठमोठे लोक यावर संशोधन करतात! एका पारड्यात सुयांचा खर्च टाकायचा, दुसऱ्यात सुयांमुळं टळलेलं नुकसान. पण आधी गेल्या वर्षी कोण कोण पडलं आणि कोणाकडून कोणाकडं गेलं, हे कळायला पाहिजे. सर्वेक्षण कर."

सर्वेक्षण! खुशीला वाटलं, हा शब्द तोंडात आला की माणूस आपोआप दोन इंच उंच होत असावा.

बाबा, म्हणजे योगराज टेंभरे, गोंदियाला एका कचेरीत कारकून होते. त्यांच्या मते जगातलं कुठलंही काम कागद नीट लावल्याशिवाय होत नाही, आणि कागद नीट लावल्यावर ते करायची फारशी गरज राहत नाही. त्यांनी मुलीचा उत्साह बघितला, त्यांना भरून आलं, आणि त्यांनी कपाटातून एक जुनी निळी फाईल काढून दिली. "सुटे कागद घेऊन फिरू नको. लोक किंमत देत नाहीत."

फाईलवर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'शासकीय कामकाज'.

कुंपणापलीकडून केवळरामजी हे सगळं बघत होते. केवळरामजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरीभर त्यांनी इटियाडोहच्या कालव्यावर पाणी सोडलं, आता सल्ला सोडायचे, आणि त्याला पाळी नव्हती. "पोरी, फाईल उजव्या हातात ठेवजो. डाव्या हातात असली की लोकायले वाटते वसुली आली."

खुशीनं फाईल उजव्या हातात धरली आणि निघाली.

बोडीटोला म्हणजे गोंदियाहून येताना मुर्री मागं टाकली की लागणारं गाव. मधोमध बोडी, म्हणजे छोटा तलाव. काही घरं बोडीच्या अलीकडं, काही पलीकडं. खुशीनं अलीकडून सुरुवात केली. पहिलं घर बकारामजींचं.

"काका, मागच्या पावसाळ्यात घरी कोणाला ताप, खोकला, अंगदुखी झाली होती का?"

बकारामजींनी आधी फाईल बघितली, मग खुशीला. "कोनती योजना होय?"

"योजना नाही काका. माझा अभ्यास आहे."

"हो हो, अभ्यास," बकारामजींनी डोळा मिचकावला. "समजलं. लिही, सगळेच आजारी होते. मी, बायको, पोरगा, सून, नातू. साळा आला होता पाहुना, तोही."

पुढच्या घरी बाई दारातच उभ्या होत्या. त्यांच्याकडं घरातल्या माणसांहून आजारी जास्त निघाले, कारण त्यांनी बालाघाटला दिलेली लेकही धरली. "सासरी पडली आजारी, पन माहेरची तं हाय ना आमच्या?" त्यापुढच्या घरी एक बैल लिहून घ्यायचा आग्रह झाला. बैलाला ताप होता हे सांगायला तीन साक्षीदार आले.

खुशीला जरा नवल वाटलं, पण फ्लू हा संसर्गजन्य आजार आहे, हे तिनं वाचलेलं होतं.

दुपारी ती बोडीला वळसा घालून पलीकडं गेली. बातमी तिच्याआधी पोचली होती, फक्त वाटेत कुठंतरी तिनं कूस बदलली होती. पलीकडच्या लोकांना कळलं होतं ते असं, की ज्याच्या घरी आजारपण झालं त्याच्याकडं दवाखान्याला पैसा आहे, आणि ज्याच्याकडं पैसा आहे त्याचं राशन कापणार.

"ताप?" पहिल्याच घरचा गोवर्धन म्हणाला. "आमच्या सात पिढ्यांत," इथं त्याला खोकल्याची उबळ आली, "कोनाले," पुन्हा उबळ, "साधी शिंक नाही."

आतून कुणीतरी शिंकलं. गोवर्धननं पाय लांब करून दार लोटलं.

संध्याकाळी खुशीनं आकडे मांडले. बोडीच्या अलीकडं गाव शंभर टक्के आजारी, वर एक बैल. पलीकडं शून्य. या हिशोबानं अलीकडं सुई टोचली तर धानानं गाव बुडेल, आणि पलीकडं टोचली तर तो निव्वळ गुन्हा.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली. "म्हणजे फ्लूले बोडी पोहता येत नाही," ती म्हणाली, आणि तांदळाकडं वळली.

तेवढ्यावर भागलं असतं तर खुशीनं ते गिळलं असतं. पण अंधार पडायच्या आत अंगणात माणसं जमू लागली.

"योगराजजी, खात्याचा नंबर द्यायचा राहिला होता."

"योगराजजी, बैलाचं वेगळं भेटते का?"

"योगराजजी, आमची लेक बालाघाटले हाय. मध्यप्रदेशवाल्यायले चालते ना?"

बाबा बनियनवर होते. माणसाला आपली प्रतिष्ठा सांभाळायची असेल तर त्यानं बनियनवर असू नये, हा धडा त्यांना त्या दिवशी मिळाला. ते एकेकाला समजावत होते, आणि समजावतील तितकं लोक एकमेकांकडं बघून हसत होते. जो माणूस एवढं 'नाही नाही' म्हणतो, त्याच्याकडं नक्कीच काहीतरी आहे.

दुसऱ्या दिवशी सरपंच सुशीलाबाईंचा निरोप आला. तक्रार झाली होती. एक मेच्या ग्रामसभेत विषय घेतला होता, 'शासकीय फाईल घेऊन विनापरवाना माहिती गोळा करणे, श्री. योगराज टेंभरे यांची कन्या.'

"इतकी वर्षं नोकरी केली!" बाबा खाटेवर बसले. "कधी माझं नाव विषयपत्रिकेवर आलं नाही!"

"बढतीसाठीही नाही," आत्यानं आठवण करून दिली.

बाबांनी निर्णय दिला. सर्वेक्षण बंद. ग्रामसभेत खुशीनं उभं राहून माफी मागायची. मजकूर ते स्वतः लिहून देतील, त्यात 'अनवधानाने' हा शब्द दोनदा येईल.

"म्हणजे सुई गेली," आत्या म्हणाली. "बरं झालं. मले तसंही भेव वाटत होतं."

हे शेवटचं वाक्य ती हसत हसत बोलली, पण खुशीनं ते ऐकलं. या बाईला भीती वाटते! कोथिंबीरवाल्यांच्या काळजात धडकी भरवणारी धुरपता आत्या एवढ्याशा सुईला घाबरते, आणि हिशोबाचं सूप आडवं धरून बसली आहे! म्हणजे हिशोब पक्का नसला, तर ती कुठलीतरी फट शोधून निसटणार, आणि आषाढात पुन्हा ती नळी.

खुशीनं आधी सरळ मार्ग धरला. परवानगी काढायची! आरोग्य केंद्रात गेली तर ते म्हणाले, ग्रामपंचायतीचं पत्र आणा. पंचायतीत गेली तर ते म्हणाले, शाळेचं पत्र आणा. शाळेला सुट्टी होती. शिक्का कपाटात होता, किल्ली ज्या बाबूंकडं होती ते भाच्याच्या लग्नाला तुमसरला गेले होते, आणि लग्न लांबलं होतं. निदान सुईची किंमत तरी कळावी म्हणून ती गोंदियात मुन्नाभाईच्या मेडिकलमध्ये गेली.

"कितने लोगों को लगाना है?" मुन्नाभाईनं विचारलं. "अकेले का रेट अलग. ज्यादा लोग हैं तो देख लेंगे."

"अभी पता नहीं," खुशी म्हणाली.

"तो रेट भी अभी पता नहीं."

सायकल ढकलत ती घरी आली आणि कुंपणापाशी बसली. उन्हाळी धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, समोर पिवळी पडत होती. पलीकडं केवळरामजी आपल्या बायकोशी, किंवा भिंतीशी, मोठ्यानं बोलत होते.

"घरचे सगळे आजारी म्हणे! बकारामले लाज नाही! अवं, फक्त त्याची सून आन नातू पडला होता. आठ दिवस खोकून खोकून आमाले झोपू दिलं नाही त्यायनं! आन ते सून रोवण्यात तुझ्या बाजूले वाकून होती, म्हणून तं तुले झालं, आन तुझ्यापासून मले!"

खुशी ताडकन उठली.

कोण आजारी, किती, कधी, आणि कोणाकडून कोणाला, सगळं एका दमात! ज्या माणसानं सर्वेक्षणात तिला स्वतःच्या घरचे 'सगळेच महिनाभर खाटेवर' असं लिहायला लावलं होतं, त्याच माणसाकडं शेजाऱ्याच्या खोकल्याचा घड्याळी तपशील होता. म्हणजे आपण प्रश्न बरोबर विचारत होतो, घर चुकत होतो. गावात स्वतःच्या घरचं कोणी खरं सांगत नाही, आणि शेजारच्या घरचं कोणी विसरत नाही!

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा निघाली. फाईल नाही, कागद नाही, उजवा हात रिकामा, डावा हात रिकामा. ओट्यावर टेकायचं, पाणी मागायचं, आणि सहज म्हणायचं, "काकू, तुमच्या शेजारी म्हणे गेल्या वर्षी कोणीच आजारी नव्हतं?"

"कोन म्हणते!"

बस्स. मग जे पाट फुटायचे! इटियाडोहचं पाणी सुटल्यावर कालव्याला येतं तसं सगळं वाहत यायचं. गोवर्धनच्या घरी कोण कोण पडलं, हे डावीकडच्या घरानं सांगितलं, उजवीकडच्यानं सांगितलं, समोरच्यानं वर औषधाच्या बाटल्यांचा रंगही सांगितला. तिन्ही घरांचं जुळलं की खुशी ते पक्कं धरायची. बैल आपोआप गळला. बालाघाटची लेक सासरी परत गेली. आणि पलीकडच्या गावातही माणसं होती, ती आजारीही पडली होती!

उमेंद्र सर फोनवर नाचायचे बाकी राहिले. फक्त एक म्हणाले, "पण प्रत्येक ताप फ्लूचा नसतो. कात्री लाव. आपल्या विरुद्ध मोज, म्हणजे कुणाला बोट ठेवता येणार नाही." खुशीनं सढळ हातानं कात्री लावली.

आता राहिलं होतं कोणाकडून कोणाकडं ते. तिनं एकेक घर मागं मागं नेलं. केवळरामजी त्यांच्या बायकोकडून. त्यांची बायको बकारामजींच्या सुनेकडून. सून रोवण्याच्या रांगेतून. सगळ्या वाटा त्या रांगेत येऊन मिळत होत्या. बारा बाया, शेजारी शेजारी वाकलेल्या, एका गुंडीतलं, म्हणजे घागरीतलं, पाणी पिणाऱ्या. आणि रांगेतली पहिली? विचारलं त्या प्रत्येक घरानं आवाज खाली आणून एकच नाव सांगितलं.

"तुझी आत्याच ना वं. आमगावले लग्नाले गेली, खोकत आली, आन कामावर हजर. कोन सांगन तिले घरी बस म्हणून?"

खुशी बोडीच्या पाळीवर, काठाला, येऊन बसली. आता हा हिशोब आत्यापुढं कसा मांडायचा? आणि तोही माफी मागायच्या ग्रामसभेत? शेवटी तिनं ठरवलं, पहिलं नाव गाळायचं. आकड्यांना त्याची गरज नाही. आत्याची लाज राहील.

एक मेला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात कडुलिंबाखाली ग्रामसभा बसली. एरवी गणपूर्ती होत नाही म्हणून सभा पुढं ढकलतात. त्या दिवशी जागा पुरेना. बाबा इस्त्रीच्या शर्टात होते, खिशात माफीनामा.

"पोरी," सुशीलाबाई सरपंच म्हणाल्या, "ते फाईल कोनाची?"

खुशी तोंड उघडणार, तोच बाबा उभे राहिले. त्यांचा हात खिशाकडं गेला, माफीनाम्याला लागला, आणि का कोण जाणे, रिकामाच बाहेर आला. "फाईल माझी," ते म्हणाले. "चूक माझी. पोरीनं कोणाकडून रुपया घेतला नाही, कोणाला कबूल केला नाही. आता जमलेच आहात, तर तिचा हिशोब ऐका. मग जे म्हणायचं ते मला म्हणा."

आयुष्यात पहिल्यांदाच बाबा 'अनवधानाने' हा शब्द न वापरता एवढं बोलले होते. आईनं पदरानं डोळे पुसले. आत्यानं मात्र मांडी बदलून बैठक पक्की केली, बाजारात वांग्यांपुढं बसते तशी.

खुशीनं हातपंपाजवळच्या ओल्या मातीत सकाळीच छोट्या छोट्या बांध्या घातल्या होत्या, एकीला लागून एक, मधे धुरे, म्हणजे मातीचे बांध. "ही प्रत्येक बांधी म्हणजे एक माणूस," ती म्हणाली. "पाणी म्हणजे फ्लू." आणि तिनं वरच्या बांधीत लोटाभर पाणी ओतलं. ते कच्च्या धुऱ्यांतून एकीतून दुसरीत उतरत गेलं.

इथं तिच्या हिशोबात नसलेली एक गोष्ट घडली. समोर सगळे धानवाले बसलेले. धानवाल्यानं चुकीचा धुरा बघितला की त्याच्यानं राहवत नाही.

"अवं, धुरा असा असते काय!" बकारामजी पुढं सरकले.

"उताराकडं तोंड कर ना बापा त्याचं!" केवळरामजी तर धोतर खोचून खाली बसले. बघता बघता अर्धी ग्रामसभा चिखलात उकिडवी. ज्यांनी तक्रार केली होती तेही माती थापत होते. सुशीलाबाईंनी दोनदा टेबल वाजवलं, मग त्याही उठून आल्या.

"आता बघा," खुशी म्हणाली. "या बांधीला सुई दिली, म्हणजे धुरा पक्का." तिनं पुन्हा लोटा ओतला, आणि पाणी वरच्या बांधीतच थांबलं. खालच्या सगळ्या कोरड्या. "खालच्यांनी सुई घेतली नाही, तरी त्या वाचल्या. सुई घेणारा एकटाच वाचत नाही!"

माणसं त्या कोरड्या बांध्यांकडं बघत राहिली. हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, जन्मभर दुसरं केलं काय होतं?

"आन सुई घेऊनही ताप आला तं?" मागून गोवर्धननं विचारलं.

"येतो की कधी कधी. पण खेकडा भोक पाडतो म्हणून कोणी धुराच घालत नाही का?"

हशा झाला. खुशीचा आवाज चढला. "रोवण्याच्या टोळीला सुई दिली तर खर्च, वरखर्चासकट, वीस पोती. गेल्या वर्षीचं नुकसान म्हणजे औषधं, बुडालेली मजुरी, पिवळे पडलेले परे, सगळी कात्री लावून शंभर पोती. सुया निम्म्या वेळी हुकल्या धरल्या, तरी वाचली पन्नास."

"यंदा साथ आलीच नाही तं?" केवळरामजी.

"चोरखमाऱ्याचा तलाव भरेल की नाही हे माहीत नसताना परे टाकताच ना? एका वर्षाआड साथ आली तरी दोन वर्षांत खर्च चाळीस, फायदा पन्नास. दहा पोती वर!"

टाळ्या वाजल्या असत्या. पण तेवढ्यात तो आवाज आला, ज्याची खुशी आठवडाभर वाट बघत होती आणि ज्याला ती आठवडाभर भीत होती.

"यात एक धरलंच नाही."

धुरपता आत्या उभी राहिली. "रांगेत आली, रांगेतून घरोघरी गेली, ठीक हाय. पन रांगेत आली कोनापासून? सगळ्यात वरची बांधी कोनाची, ते कुठं हाय?"

कुणी चिखलाकडं बघतं, कुणी कडुलिंबाकडं. बकारामजींची सून पदर तोंडात घालून वळली.

"आत्या," खुशी म्हणाली, "ते मी मुद्दाम धरलं नाही."

"काऊन?"

आत्यानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. आणि जन्मात पहिल्यांदा धुरपता आत्याला एक हिशोब आपोआप सुटला.

"आमगावचं लग्न," ती हळूच म्हणाली.

कुणाला हसायचं धाडस झालं नाही. आत्या पुढं आली आणि वरच्या बांधीपाशी बसली. बोटानं धुरा चाचपला. "म्हणजे मले एकटीले सुई असती तं?"

"पक्कं नाही सांगता येत. सुई हुकलीही असती. पण लागू पडली असती, तर यातलं बहुतेक टळलं असतं."

"एका सुईत?"

"एका सुईत."

आत्यानं बोटांच्या पेरांवर मोजलं. एकदा, मग पुन्हा एकदा. मग टोळीतल्या बायांकडं वळून ती गरजली, "तोंड का पाहून राहिल्या वं? रोवण्याच्या मजुरीत यंदा सुईचा खर्च धरायचा! ज्याचं वावर, त्याची सुई! आन कोनी खोकत कामावर आली तं माझ्याशी गाठ हाय!" आणि वर म्हणाली, "मी आली तं मलेही घरी धाडजा."

आता टाळ्या वाजल्या. सरपंचबाईंनी तक्रारीचा विषय निकाली काढला, आणि कारणाच्या रकान्यात काय लिहावं हे न सुचल्यानं लिहिलं, 'हिशोब पटला.' बाबांनी ती ओळ इतक्या वेळा वाचली, की कोणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं बढतीचाच हुकूम आला.

मुन्नाभाईच्या मेडिकलमध्ये पुढं जे झालं त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिता येईल. आत्या टोळीतल्या बाकी अकरा बाया घेऊन दुकानात शिरली तेव्हा तो जेवत होता. त्यानं भाव सांगितला, तो उतरवला, आणखी उतरवला, पोळी हातातच वाळली.

"बारा घेऊन राहिलो तं एक वरून दे," आत्या म्हणाली.

"अम्मा, ये आम नहीं है!"

वरची काही मिळाली नाही. पण उमेंद्र सरांनी सांगितलेल्या भावातून आत्याची घासाघीस वजा करून खुशीनं जो भाव धरला होता, तिथं तो नेमका येऊन थांबला. टोचायला नर्सबाई गावातच आल्या, मृग लागायच्या आत. आत्यानं डोळे गच्च मिटले, दुसऱ्या हातानं खुशीचं मनगट धरलं, आणि ते इतकं दाबलं की दुखलं कोणाला जास्त हा वादाचा विषय झाला असता.

"झालं?"

"झालं."

"एवढ्याच्यासाठी?" आत्यानं डोळे उघडले, आणि तिला आपण कधी भ्यालोच नव्हतो असं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दंड चोळत ओसरीत आली. डोळ्यांत एक विशिष्ट चमक होती. ती चमक बघून आईनं चहाचं पातेलं खाली उतरवलं, बाबांनी पेपर खाली ठेवला, कुंपणापलीकडं केवळरामजींच्या तोंडातली दातूनची काडी थांबली.

"खुशे! सापडलं," आत्या म्हणाली. "यात एक धरलंच नाही. दंड दुखून राहिला ना! मले विळा धरवत नाही, टोळीतल्या बायायलेही धरवत नाही. अर्धा दिवस गेला सगळ्यांचा. तो कुठं हाय तुझ्या वीस पोत्यांत?"

खुशीनं केसांना रबर लावता लावता वर बघितलं. या क्षणासाठी ती महिनाभर गप्प बसली होती. चक्क गप्प! तिच्या मते यंदाचं तिचं सगळ्यात अवघड काम तेच.

"वरखर्च म्हटलं होतं ना, आत्या," ती म्हणाली. "अठरा पोती सुयांची, दोन पोती दुखऱ्या दंडाची. अर्धा दिवस, बारा जणी."

आत्याचं पेरांवर बोट फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. कुठंच काही सापडेना. मग तिनं सावकाश मान डोलावली आणि कुंपणाकडं तोंड करून आवाज दिला.

"केवळरामजी! दातून टाका आन आयका. मुर्रीपर्यंत सांगून या. हिशोब बराबर हाय. आन पोट्टी आमची हाय."